पाटीवरचे नाव : शांतिसैनिक आणि आपले रस्ते



कै. गुरुजींच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे. शांतिसैनिकांची नावे रस्त्यांना देणे हा विषय एका मराठीच्या प्राध्यापकाने का घ्यावा, असा प्रश्न कार्यक्रमपत्रिका पाहून काहींना पडला असेल. सैन्याशी माझा संबंध पुस्तकांपुरता आणि शेजारापुरता. परंतु नाव कसे पडते, कसे टिकते आणि कसे झिजते हा भाषेच्या अभ्यासकाचा विषय आहे. आणि ज्या शहरात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे, ज्याच्या आसपासच्या खेड्यांत घरटी एक फौजी अशी ख्याती आहे, त्या शहरात हा विषय परका ठरू नये.

आपल्या भाषेत नावासंबंधी तीन क्रियापदे आहेत आणि तिन्ही वेगळी आहेत. नाव पडते, नाव ठेवतात आणि नाव देतात. गावाला, गल्लीला, वळणाला नाव पडते. ते कोणी पाडले हे कोणाला ठाऊक नसते. मुलाचे नाव ठेवतात. संस्थेला, रस्त्याला, इमारतीला नाव देतात. देणे म्हटले की देणारा आला, घेणारा आला आणि त्यामागून वादही आला. ‘नाव ठेवणे’ याचे अनेकवचन केले की अर्थ कसा पालटतो हे आपण जाणताच. रस्त्याला नाव देण्यासाठी बसलेली सभा पुष्कळदा एकमेकांना नावे ठेवूनच उठते.

पडलेल्या नावांची चिवटपणा पाहण्यासारखी असते. गोवावेशीत आज वेस नाही, बोगारवेशीतही नाही. भांडी घडवणारे बोगार तेथून केव्हाच पांगले, वेशीचे दगड कोठे गेले ठाऊक नाही, पण रिक्षावाल्याला ‘बोगारवेस’ म्हटले की तो मीटर न टाकता का होईना, बरोबर तेथेच नेऊन सोडतो. धर्मवीर संभाजी चौक हे त्याच जागेचे दिलेले नाव. ते पत्रिकेवर छापले जाते, सभांच्या फलकांवर लिहिले जाते. बोलण्यात मात्र वेस शिल्लक राहते. शहराचे सरकारी नाव २०१४ साली बदलले. घरात आपण काय म्हणतो ते मी सांगायला नको.

दिलेल्या नावांची गत याहून बिकट. थोर माणसाचे संपूर्ण नाव पाटीवर चढते आणि दहा वर्षांत त्याची आद्याक्षरे उरतात. दादाभाई नौरोजी ‘डी. एन.’ झाले, फिरोजशहा मेहता ‘पी. एम.’ झाले, आणि महात्मा गांधी तर गावोगावी ‘एम. जी.’ झाले आहेत. पुण्यात ‘जे. एम. रोड’वर खरेदी करणाऱ्या किती तरुणांना जंगली महाराज आठवतात? मुंबईच्या हुतात्मा चौकाचे नाव टिकले, कारण ते ठरावाच्या आधी लोकांच्या काळजात होते; तरी तेथेही फ्लोरा फाउंटन पुसले गेले नाही, दोन्ही नावे शेजारी नांदत आहेत.

आता शेजाराकडे येतो. मी राहतो ती वसाहत नवी आहे. तिच्यातल्या रस्त्यांना पहिला क्रॉस, दुसरा क्रॉस अशी नावे आहेत, म्हणजे नावेच नाहीत. आमच्या तिसऱ्या क्रॉसवर एका हवालदाराचे घर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून तो आफ्रिकेत गेला आणि परत आला नाही. त्याचे नाव मी येथे घेत नाही. ते सभेत घेऊ नये असे त्याच्या घरच्यांनी सांगितले आहे आणि ते मला मान्य आहे. काही वर्षांपूर्वी रहिवाशांच्या बैठकीत मी सुचवले की तिसऱ्या क्रॉसला त्याचे नाव द्यावे. विरोध होईल असे मला वाटले होते, पण तो कोणत्या शब्दांत येईल याची कल्पना नव्हती. एक सुशिक्षित गृहस्थ शांतपणे म्हणाले, ‘‘सर, तो लढाईत गेला नाही, तापाने गेला. आणि आपल्या देशासाठीही गेला नाही.’’ बैठकीत कोणी काही बोलले नाही. विषय पुढच्या वेळेवर ढकलला गेला.

त्या गृहस्थांचा मला राग नाही. त्यांनी जे बोलून दाखवले ते पुष्कळांच्या मनात असते. युद्धातला वीर आपल्याला ओळखता येतो. त्याला शत्रू असतो, तारीख असते, जिंकलेले ठाणे असते. शांतिसैनिकाला यांतले काहीच नसते. दोन भांडणाऱ्यांच्या मध्ये उभे राहायचे, दोघांच्याही संशयाला पात्र व्हायचे, बंदूक जवळ असून ती शक्यतो चालवायची नाही, आणि सारे सुरळीत पार पडले तर सांगण्यासारखे काही घडलेलेच नसते. घडले नाही त्याचा पोवाडा कसा रचायचा? म्हणूनच आपल्या शौर्याच्या परंपरेत या माणसाला जागा सापडत नाही.

या कामातला आपला इतिहास लहान नाही. कोरियाचे युद्ध १९५३ साली थांबले तेव्हा मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या हजारो युद्धकैद्यांचा प्रश्न उरला. त्यासाठी पाच तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला गेला. अध्यक्षपद भारताकडे होते आणि त्यावर जनरल तिमय्या होते. कैद्यांवर पहारा ठेवणाऱ्या भारतीय फौजेचे प्रमुख होते कोल्हापूर भागातले शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू देणार नाही असे जाहीर केले होते. म्हणून आपल्या जवानांना जहाजांवरून हेलिकॉप्टरने उचलून थेट निर्लष्करी पट्ट्यात नेऊन उतरवावे लागले. त्या पट्ट्यात त्यांनी तंबूंचे एक गावच वसवले आणि त्याला नाव दिले ‘हिंदनगर’. एकदा कैद्यांनी एका भारतीय मेजरला आपल्या कुंपणाआड ओलीस धरले, तेव्हा जनरल थोरात स्वतः आत गेले आणि गोळी न झाडता, बोलून, त्याला सोडवून घेऊन आले. यासाठी त्यांना जे पदक मिळाले ते आज कीर्तिचक्र म्हणून ओळखले जाते. हिंदनगर काही महिन्यांत उठले. मराठी शाळांच्या पुस्तकांतून मी चाळीस वर्षे धडे शिकवले. हा प्रसंग मला त्यांत भेटला नाही.

लढावे लागल्याचेही उदाहरण आहे. ५ डिसेंबर १९६१ रोजी काँगोतील एलिझाबेथव्हिल येथे, आजच्या लुबुम्बाशीत, कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांनी अवघ्या सोळा जवानांनिशी सुमारे नव्वद सशस्त्र लोकांवर चाल केली आणि ते कामी आले. वय सव्वीस. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत परमवीर चक्र मिळालेले ते एकमेव. जानेवारी २०२३ मध्ये अंदमान-निकोबारमधील एकवीस बेटांना परमवीरांची नावे दिली गेली, त्यांत सलारिया यांचेही बेट आहे. बेटाला नाव मिळाले याचा आनंदच आहे, परंतु बेटाच्या नावावरून कोणी पत्ता सांगत नाही, दूधवाला तेथे थांबत नाही. नाव जिभेवर यायला त्याला रहदारी लागते.

अशी रहदारी लाभलेले एक नाव मला दूर भूमध्य समुद्रात सापडले. आपल्याच शाळेचा एक माजी विद्यार्थी नोकरीनिमित्त सायप्रसच्या लार्नाका शहरात काही महिने होता. त्याने एके दिवशी फोनवर विचारले, ‘‘सर, मी रोज ज्या रस्त्याने जातो त्याचे नाव ‘तिमाया’ आहे. हा कोणी ग्रीक सरदार का?’’ मी म्हटले, ‘‘नव्हे रे, तो आपल्या मडिकेरीचा.’’

कोडंदेर सुबय्या तिमय्या यांचा जन्म ३१ मार्च १९०६ चा, कोडगू जिल्ह्यातल्या मडिकेरीचा. कोरियाची कामगिरी आटोपून ते १९५७ ते १९६१ भारताचे सरसेनापती होते. निवृत्तीनंतर माणूस कॉफीच्या मळ्यात रमला असता. पण १९६४ साली संयुक्त राष्ट्रांनी त्यांना सायप्रसला बोलावले. सायप्रस १९६० साली स्वतंत्र झाला होता आणि तीनच वर्षांत तेथील ग्रीक आणि तुर्क समाज एकमेकांच्या जिवावर उठले होते. डिसेंबर १९६३ मध्ये एका ब्रिटिश सेनाधिकाऱ्याने राजधानी निकोसियाच्या नकाशावर हिरव्या पेन्सिलीने रेघ ओढली; ती ‘ग्रीन लाइन’ शहराच्या मधून आजही जाते. मार्च १९६४ मध्ये तेथे संयुक्त राष्ट्रांची सेना स्थापन झाली. तिचे पहिले सेनापती जनरल ग्यानी हेही भारतीयच, आणि त्यांच्या जागी जुलैमध्ये तिमय्या आले. पुढे १९६९ ते १९७६ या अवघड काळात, ज्यात १९७४ चे तुर्की आक्रमणही आले, हे पद जनरल दिवाण प्रेमचंद यांनी सांभाळले. एका छोट्या बेटाला आपण तीन सेनापती दिले, ही गोष्ट आपल्याकडे फारच थोड्यांना ठाऊक आहे.

तिमय्यांनी तेथे कोणती लढाई जिंकली? कोणतीही नाही. गावोगावी फिरणे, दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांशी बोलणे, एखाद्या रस्त्यावरची नाकेबंदी उठवणे, ही त्या सेनेची कामे. १८ डिसेंबर १९६५ रोजी सेनापतिपदावर असतानाच हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे सायप्रसमध्ये निधन झाले. आमच्या बैठकीतल्या गृहस्थांची कसोटी लावली तर तेही लढाईत गेले नाहीत आणि आपल्या देशासाठी गेले नाहीत. तरी सायप्रसने १९६६ साली त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले आणि लार्नाकाच्या एका मोठ्या हमरस्त्याला त्यांचे नाव दिले.

त्या पाटीचे व्याकरणही मला पाहावेसे वाटले. सवय जात नाही. ग्रीकमध्ये तो रस्ता आहे ‘स्त्रातिगू तिमाया’. ‘स्त्रातिगोस’ म्हणजे सेनापती, आणि ‘स्त्रातिगू’ ही त्याची षष्ठी. म्हणजे पाटीवर रस्त्याला तिमय्या हे नाव दिलेले नाही. ‘सेनापती तिमय्यांचा’ एवढेच लिहिले आहे. आपण ‘अमुक मार्ग’ असा समास करून मोकळे होतो. तेथे ‘चा’ शिल्लक आहे. ‘य’चा उच्चार लिहायला त्यांना ‘ग’च्या वळणाचे अक्षर वापरावे लागते, म्हणून इंग्रजी नकाशात ते ‘तिमागिया’ असे छापलेले दिसते, आणि माझ्या विद्यार्थ्याचा घोटाळा त्यातूनच झाला. कोडगूचे नाव ग्रीक विभक्तीत बसले आहे. त्या रस्त्यावर दुकाने आहेत, कचेऱ्या आहेत. लोक घराचा पत्ता सांगताना ते नाव उच्चारतात, आणि मला त्यापलीकडे सन्मानाची अपेक्षा नाही.

याच लार्नाकाची आणखी एक गोष्ट सांगतो, कारण आपण सीमाभागातले लोक ती लगेच जाणू. १९७४ नंतर बेटाच्या उत्तरेकडील गावांची ग्रीक नावे बदलून तुर्की करण्यात आली. दक्षिणेकडील लार्नाकातून तुर्क रहिवासी निघून गेले. पण त्यांच्या जुन्या वस्तीतल्या रस्त्यांवर तुर्की नावे अजून आहेत. पियाले पाशा या ऑटोमन दर्यासारंगाच्या नावाचा रस्ता तेथे समुद्रालगत आहे. ज्या शहराने गेलेल्यांची नावे पुसली नाहीत, त्याच शहरात मध्ये उभ्या राहिलेल्याचेही नाव आहे. यावरून निष्कर्ष काढण्याची घाई मी करणार नाही. शहरांची मने इतकी सरळ नसतात. या व्यवहाराची परतफेड मात्र आपल्याकडे झालेली आहे. सायप्रसचे पहिले अध्यक्ष आर्चबिशप मकारिओस यांच्या नावाचा मार्ग दिल्लीत आहे. बंगळुरात जनरल तिमय्यांचा रस्ता आहेच. तो म्हणजे आपला रिचमंड रोड, आणि आपण त्याला रिचमंड रोडच म्हणतो. लार्नाकातल्या माणसाच्या तोंडी तिमय्या, बंगळुरातल्या माणसाच्या तोंडी रिचमंड. जुने रुळलेले नाव काढून त्यावर नवे चढवले की असे होते. म्हणून माझे मत असे आहे की सन्मानाचे नाव नेहमी बिननावाच्या रस्त्याला द्यावे. दुसऱ्याचे नाव उठवून नव्हे.

कॅनडाने नेमके हे केले. कॅलगरी शहरातला लष्करी तळ १९९८ साली बंद झाला आणि त्या जमिनीवर ‘गॅरिसन ग्रीन’ नावाची घरांची वसाहत उभी राहिली. तिचे रस्ते नवे, म्हणून नावेही नवी. त्यांतील अनेक रस्त्यांना कॅनडाच्या शांतिसैनिकांची नावे दिली गेली. मोठे सेनापती नव्हेत. हुद्द्याने साधे लोक. ‘माइक राल्फ वे’ हा त्यांतला एक रस्ता. सार्जंट राल्फ १९९२ साली क्रोएशियात सुरुंगावर गाडी जाऊन मरण पावले. आता आपल्या जवळचा धागा पाहा. त्या वेळी युगोस्लाव्हियातील संयुक्त राष्ट्रसेनेचे सेनापती होते लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, आणि ते मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. ज्या पलटणीचे रंगरूट आपल्या कॅम्पातून सकाळी धावत जाताना आपण पाहतो, तिच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली मेलेल्या माणसाचे नाव कॅलगरीतल्या एका गल्लीला आहे. तेथील मुले त्या गल्लीत सायकल शिकत असतील.

आपल्याकडे ‘शांतिसेना’ म्हटले की पुष्कळांना वेगळेच काही आठवते. १९८७ ते १९९० या काळात श्रीलंकेत गेलेल्या आपल्या फौजेचे नावच ते होते. ती संयुक्त राष्ट्रांची नव्हती, तिला शांती राखण्याऐवजी लढावे लागले, आणि सुमारे बाराशे जवान परतले नाहीत. ते परत आले तेव्हा देशाला त्यांच्याकडे पाहायचे धैर्य नव्हते. मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना त्या मोहिमेत मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. चेन्नईत सैनिकी कुटुंबांच्या एका वसाहतीला ‘परमेश्वरन विहार’ असे नाव आहे. श्रीलंकेनेही कोलंबोजवळ कोट्टे येथे आपल्या त्या जवानांचे स्मारक उभारले. धोरण चुकले की बरोबर होते याचा वाद चालू राहू दे. गल्लीची पाटी धोरणाला द्यायची नसते. ती माणसाला द्यायची असते.

१९४८ पासून संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमांत चार हजारांहून अधिक लोक मरण पावले. भारताचे १७० हून अधिक, म्हणजे इतर कोणत्याही देशापेक्षा जास्त. आणि या एकूण मृत्यूंत बहुसंख्य गोळीने झालेले नाहीत. आजाराने आणि अपघाताने झालेले आहेत. परक्या मुलखात पहारा देणाऱ्याला ताप हाही त्या पहाऱ्याचाच भाग असतो. तो घरी असता तर तो ताप त्याला आला नसता, एवढे साधे गणित आहे. आमच्या पुढच्या बैठकीत मी हेच मांडले. ते गृहस्थ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘तिसऱ्या क्रॉसला हरकत नाही, पण पाटीवर काय लिहायचे ते आधी ठरवा.’’

हा प्रश्न योग्य होता. माझी सूचना अशी : हुद्दा आणि संपूर्ण नाव, आद्याक्षरे नकोत, जन्माचे आणि मृत्यूचे वर्ष, आणि खाली ‘संयुक्त राष्ट्र शांतिसेना’ आणि देशाचे नाव. ‘शहीद’, ‘वीर’, ‘अमर’ यांपैकी एकही विशेषण नको. विशेषणाने माणूस झाकतो. लिपीबद्दल विचाराल तर या शहरात तो प्रश्न टाळता येत नाही. कन्नड हवी, तशी मराठीही हवी. एकाच पाटीवर, सारख्या आकाराची अक्षरे. त्याच्या पलटणीत दोन्ही भाषा बोलणारे होते आणि तो स्वतः दोन्ही बोलत असे. त्याच्या नावाखाली भाषांचे भांडण लावले तर तो ज्या कामाला गेला होता त्याचीच ती थट्टा होईल.

हे सारे घेऊन मी त्याच्या घरी गेलो. त्याची पत्नी, आम्ही त्यांना वहिनी म्हणतो, सगळे नीट ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, ‘‘पाटी लावशीला सर. पुसणार कोण?’’ आमच्या कोपऱ्यावरच्या पाट्यांवर क्लासच्या जाहिराती चिकटवतात, पावसाळ्यात लाल चिखल उडतो, हे त्या रोज पाहतात. नवऱ्याचे नाव त्या चिखलात पाहण्यापेक्षा ते घरातच बरे, असे त्यांना वाटले तर ते स्वाभाविक आहे. त्यांनी होकार दिलेला नाही आणि नकारही दिलेला नाही.

म्हणून आज मी शाळेसमोर एक मागणे ठेवतो. आपल्या शाळेतून फौजेत गेलेले आणि तेथून शांतिसेनेच्या मोहिमांवर गेलेले माजी विद्यार्थी किती, याची नोंद आपल्याकडे नाही. माजी विद्यार्थी संघाने ती यंदा करावी : नाव, पलटण, देश, वर्ष. जिवंत असलेल्यांची आधी, त्यांना विचारून. आणि आमच्या तिसऱ्या क्रॉसची पाटी कधी लागलीच, तर ती दर महिन्याला पुसण्याचे काम आठवीच्या वर्गाने घ्यावे, अशी विनंती मी मुख्याध्यापिकाबाईंना लेखी दिली आहे. त्यांचे उत्तर आले की मी वहिनींकडे पुन्हा जाणार आहे.